नव्वदचा बेंड कधी ८९, कधी ९२: प्रेस ब्रेकवर अँगल का हलतो आणि तपास कुठून सुरू करायचा

प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, पहिला पीस गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) चिकटून बसतो. दहाव्याला गुण्याखालून उजेड दिसतो. तुम्ही कंट्रोलरवर डेप्थ, म्हणजे वरचं टूल किती खाली जाईल तो आकडा, थोडी वाढवता, अकरावा बरोबर येतो आणि पंधरावा ८९ वर जाऊन बसतो. मग डेप्थ कमी, मग परत जास्त. दुपारी असेंब्लीतून दार परत येतं: वर फट ३ मिमी, खाली ५. सगळे म्हणतात, मशीन बिघडलं.

नाशिकच्या अंबडमध्ये कंट्रोल पॅनलच्या पेट्या बनवणाऱ्या शेडमध्ये मी १९ वर्षं प्रेस ब्रेकवर आहे. आधी पत्रा धरणारा हेल्पर होतो, मग ऑपरेटर झालो, आता सेटिंग माझ्याकडे असतं. हा दोष मी किती वेळा काढला त्याचा हिशोब नाही, पण एक गोष्ट खात्रीनं सांगतो: बहुतेक वेळा मशीन चांगलं असतं. दोष पत्र्यात असतो, टूलमध्ये असतो किंवा मापण्यात असतो. म्हणून डेप्थच्या आकड्याला हात लावण्याआधी चूक नेमकी कुठे आणि कशी येते ते बघा. चूक कोणत्या प्रकारची ते कळलं की अर्धं निदान तिथेच होतं.

लक्षणं आधी वेगळी करा

सगळे पीस सारखेच ९२ येत असतील, एकही इकडेतिकडे नाही, तर तो दोष नाहीच. सेटिंग चुकलंय, डेप्थ वाढवा आणि कामाला लागा.

एक पीस ९०, पुढचा ९१, त्यापुढचा ८९, पण प्रत्येक पीस स्वतःच्या लांबीभर एकसारखा, असं असेल तर पत्रा तपासायचा. जाडी, ग्रेन, वेगळी कॉइल, फिल्म. या प्रकारात मशीन खोलणं म्हणजे वेळ वाया.

एकाच पीसवर डावीकडे ९० आणि उजवीकडे ९१.५, मधे हळूहळू वाढत गेलेला, असं दिसलं तर रॅम (वरचं टूल, म्हणजे पंच, धरून खाली येणारा भाग) तिरका उतरतोय किंवा टूल एका बाजूला नीट बसलेलं नाही.

दोन्ही टोकं ९० आणि मधे ९१.५ किंवा ९२, म्हणजे पीस होडीसारखा झालाय. लांब पिशीवर ही तक्रार सगळ्यात जास्त येते. भाराखाली रॅम आणि बेड (खालचं टूल, म्हणजे डाय, जिच्यावर बसते तो भाग) मधे किंचित वाकतात, किंवा डाय मधेच झिजलेली असते. या दोन कारणांत फरक कसा करायचा ते पुढे येतंच.

सकाळी एक अँगल, अकरा वाजता दुसरा, जेवणानंतर परत पहिला, असं झालं तर मशीनचं हायड्रॉलिक तेल गार-गरम होतंय. आणि सगळीकडे ठीक पण एका भोकापाशी किंवा खाचेपाशीच अँगल उघडा (हव्या त्यापेक्षा मोठा) असेल तर ती ड्रॉइंगची गोष्ट आहे, त्यासाठी मशीनला दोष देऊ नका.

हे गणित मनात असू द्या

आज बहुतेक शेडमध्ये एअर बेंडिंगच होतं. पत्रा डायच्या दोन खांद्यांवर आणि पंचच्या टोकावर, अशा तीनच ठिकाणी टेकतो. डायच्या तळाला तो लागत नाही. म्हणजे ९० हा अँगल टूलमध्ये कोरलेला नसतो, पंच किती खाली गेला त्यावर ठरतो. सोय मोठी आहे, एकाच टूलवर ९०, १२० आणि १३५ सगळं निघतं. पण त्याची किंमत अशी की खोलीतली बारीकशी चूकही अँगलमध्ये दिसते.

किती दिसते? १६ च्या व्हीमध्ये, म्हणजे डायच्या व्ही खाचेचं तोंड १६ मिमी असेल तर, ९० डिग्रीच्या आसपास, पंच साधारण ०.१४ मिमी खाली गेला की अँगल एक डिग्री बंद (लहान) होतो. १२ च्या व्हीमध्ये त्यासाठी ०.१ मिमी पुरतो. २४ च्या व्हीमध्ये ०.२ मिमी लागतो. ऑफिसच्या प्रिंटरमधला साधा कागद ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे १२ च्या व्हीखाली एक कागद अडकला तरी तिथे डिग्रीभर फरक पडला.

जाडीचा परिणाम त्याहूनही जास्त आहे. पंच तेवढाच खाली आला आणि पत्रा ०.१ मिमी जाड निघाला, तर ९० च्या बेंडला तो फरक जवळजवळ ०.१४ मिमी खोलीइतका मोजला जातो. जाड पत्रा जास्त बंद होतो, पातळ उघडा राहतो. हे आकडे टूलचं टोक आणि खांद्यांची गोलाई सोडून काढलेले आहेत, त्यामुळे थोडं पुढेमागे होईल. पण तपासाला दिशा द्यायला ते पुरतात.

पहिली तपासणी फुकटची: मापता कसं ते बघा

हसू नका, माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपल्या. लेझरवरून आलेल्या पिशीच्या कडेला बर (कापताना राहिलेली खरबरीत कोर) असते, ती गुण्याच्या पात्याखाली आली की अर्धा डिग्री खोटा दिसतो. आधी कानशीनं कड मारा. गुण्या किंवा बेव्हल प्रोट्रॅक्टर पिशीच्या अगदी टोकाला लावू नका, टोकाला बेंड तसाही थोडा वेगळा वागतो. डाव्या टोकापासून १०० मिमी आत, बरोबर मध्यावर आणि उजव्या टोकापासून १०० मिमी आत, अशा तीन जागा ठरवून घ्या आणि दर वेळी तिथेच मापा. गुण्याचं पातं फ्लँजच्या (वाकवून उभ्या केलेल्या पट्टीच्या) सपाट भागावर टेकलं पाहिजे, बेंडच्या गोलाईवर चढलं तर वाचन चुकतं.

आकडे पत्र्यावरच मार्करनं लिहा, पीस नंबर आणि बाजूसकट. लक्षात ठेवू म्हणालात तर चौथ्या पिशीला घोळ होतो. दहा पिशींचे तीस आकडे समोर आले की वरच्या लक्षणांपैकी कोणतं आहे ते आपोआप दिसतं.

त्याच हाताला गुण्याही तपासून घ्या. सर्फेस प्लेटवर किंवा चांगल्या मास्टर स्क्वेअरला लावून बघा. खाली पडलेला गुण्या वर्षभर वापरणारी शेडं मी पाहिली आहेत.

फडकं आणि हात

टूल काढा. पंच जिथे क्लॅम्पमध्ये बसतो ती जागा, डायची खालची बाजू, बेडची खाच, सगळं कोरड्या फडक्यानं पुसा. एचआर (गरम रोल केलेल्या) पत्र्याची काळी खपली गळून डायखाली जाते, जीपी (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा झिंकचा चुरा खांद्यावर चिकटतो. डायखाली गेलेला खपलीचा एक कण म्हणजे तिथे टूल वर उचललं गेलं, आणि वरचं गणित आठवा. पुसल्यावर बेडच्या खाचेवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. हे करताना पंप बंद, रॅम वर आणि खाली लाकडाचा किंवा स्टँडचा आधार. यात सूट नाही.

टूल परत लावताना तुकड्यांच्या जोडांवर लक्ष द्या. एका सेटचे तुकडे आणि दुसऱ्या सेटचे तुकडे मिसळले की त्यांची उंची सारखी नसते. एक सेट जास्त वापरलेला असतो, दुसरा कमी. जोडावर नख फिरवलं आणि अडलं तर तिथे बेंडवरही पायरी येणार. आम्ही प्रत्येक सेटला रंगाचा ठिपका मारून ठेवतो, हिरव्यात पिवळा जाऊ द्यायचा नाही.

एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) पत्र्यावरची प्लास्टिकची फिल्म विसरू नका. काही पिशींवर फिल्म आहे आणि काहींवरची सोललेली आहे, तर अँगल वेगळाच येणार. सगळ्यांवर ठेवा किंवा सगळ्यांची काढा.

पत्रा धरण्याचाही परिणाम होतो. मोठ्या पत्र्याचा बाहेरचा भाग बेंड होताना वर उचलला जातो. हेल्परनं तो हातानं सोबत नेला नाही आणि पत्रा स्वतःच्या वजनानं लोंबला, तर बेंडच्या रेषेवर उलटा ताण येतो आणि अँगल उघडा राहतो. दोन वेगवेगळे हेल्पर, दोन वेगवेगळे अँगल. पातळ आणि रुंद पत्र्याला हे हमखास होतं. उपाय सोपा आहे: समोर शीट सपोर्ट लावा, किंवा हेल्परला पत्र्याच्या वेगानंच हात न्यायला शिकवा. जास्त ढकलूही नका.

तेल गरम झालंय का

हिवाळ्यात सकाळी साडेसातला मशीन चालू केलं आणि लगेच पहिला पीस मारला, तर तो पीस दिवसभराच्या सेटिंगला उपयोगाचा नाही. गार तेल घट्ट असतं, व्हॉल्व्हचा प्रतिसाद वेगळा येतो आणि रॅम थांबण्याची जागा किंचित बदलते. नव्या सीएनसी मशीनमध्ये रॅमची जागा मोजणारं लिनिअर स्केल असल्यानं हे बरंचसं सांभाळलं जातं, जुन्या मशीनमध्ये नाही. पत्रा न घालता पंधरा-वीस स्ट्रोक मोकळे मारा, मगच ट्रायल पीस घ्या. जेवणाच्या सुट्टीनंतर दोन पीस मापल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मायक्रोमीटर: माझ्या मते सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात

व्यापाऱ्याकडे पत्रा अजूनही गेजवर मागितला जातो. १८ गेज म्हणजे १.२, १६ गेज म्हणजे १.६, १४ गेज म्हणजे २ मिमी, असं आपण धरून चालतो. पण 'सोळा गेज' म्हणून येणारा पत्रा कधी १.६ असतो, कधी १.५. आणि मिल आपल्या टॉलरन्समध्ये राहूनही दोन कॉइलमध्ये फरक देऊ शकते.

काही वर्षांपूर्वी पॅनलच्या ४० दारांचा एक जॉब होता, १.६ मिमी सीआर (गार रोल केलेला साधा पत्रा), १२ ची व्ही. पहिली दारं छान आली, मग अचानक सगळी बंद यायला लागली. मी डेप्थ बदलली. तर थोड्या वेळानं सगळी उघडी. अर्धा दिवस मी रॅमचा समांतरपणा बघण्यात घालवला, क्राउनिंग (मधलं वाकणं भरून काढायची सोय) बदललं, दोनदा टूल काढलं. संध्याकाळी स्टोअरमध्ये गेलो तेव्हा दिसलं की दोन गठ्ठ्यांतले पत्रे एकावर एक मिसळून ठेवलेत. मायक्रोमीटर लावला: एका गठ्ठ्याचा १.५२, दुसऱ्याचा १.६१. फरक ०.०९. वरच्या हिशोबानं १२ च्या व्हीमध्ये तो सव्वा डिग्रीच्या आसपास जातो, आणि माझ्या पिशींवर तेवढाच फरक होता. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. सात दारं भंगारात गेली, ती माझ्यामुळे गेली, कारण मायक्रोमीटर माझ्या खिशातच होता.

तेव्हापासून नियम असा: पत्रा कापण्याआधीच प्रत्येक शीटच्या कोपऱ्यावर जाडी लिहायची. मायक्रोमीटरच वापरा. व्हर्नियरचे जबडे पत्र्याच्या कडेच्या बरीवर बसतात आणि ०.०५ चा घोळ करतात. कडेपासून थोडं आत, निदान तीन जागी मापा. जाडीनुसार गठ्ठे वेगळे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला स्वतंत्र ट्रायल घ्या. ०.०३ पर्यंतचा फरक पॅनलच्या कामाला चालतो. ०.०८ चालत नाही.

जाडी सारखी असून अँगल हलत असेल तर पत्र्याचा कडकपणा वेगळा आहे. प्रत्येक पत्रा पंच वर गेल्यावर थोडा माघारी उघडतो, याला स्प्रिंगबॅक म्हणतात. जाडीइतक्याच आतल्या रेडियसला साध्या सीआरमध्ये हे साधारण एक डिग्री असतं, एसएस ३०४ मध्ये दोन ते तीन. कडक कॉइल जास्त उघडते, मऊ कमी. यावर गुण्यानं काही करता येत नाही. कॉइल किंवा हीट नंबर (मिलच्या एका ओतीचा नंबर) वेगळे ठेवायचे आणि प्रत्येकाला वेगळी डेप्थ द्यायची, एवढंच आपल्या हातात आहे.

ग्रेन आणि नेस्टिंग

पत्रा रोलिंग होताना ज्या दिशेनं लांबवला गेला त्या दिशेनं त्याचा ग्रेन असतो. जवळून बघितलं तर बारीक समांतर रेषा दिसतात. ग्रेनला आडवा बेंड आणि ग्रेनच्या दिशेनं बेंड, दोन्हींचा स्प्रिंगबॅक सारखा नसतो. समांतर बेंडला बाहेरून भेग पडण्याची शक्यताही जास्त, विशेषतः जाड एचआर आणि कडक ॲल्युमिनियममध्ये.

आता लेझरच्या नेस्टिंगकडे, म्हणजे एका शीटवर पीस कसे मांडले जातात त्याकडे, बघा. शीट वाचवण्यासाठी सॉफ्टवेअर काही पीस ९० डिग्री फिरवून बसवतं. शीटचा भाव बघता ते बरोबरच आहे. पण बेंडिंगला गठ्ठा येतो तेव्हा त्यात आडव्या आणि उभ्या ग्रेनचे पीस मिसळलेले असतात, दिसायला तंतोतंत सारखे. अँगल एकआड एक हलतो आणि कारण सापडत नाही. प्रोग्रॅमरला जाऊन विचारा. फिरवायचेच असतील तर फिरवलेल्या पिशीवर लेझरनंच एक छोटी खूण मारायला सांगा, आणि दोन गठ्ठे वेगळे बेंड करा. आमच्याकडे ही खूण सुरू केली तेव्हा प्रोग्रॅमरला पाच मिनिटं लागली.

भेगांचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगतो: पंचिंग केलेल्या पिशीची बर बेंडच्या आतल्या बाजूला ठेवा. बाहेरच्या बाजूला पत्रा ताणला जातो आणि बरीपासून भेग सुरू होते.

पट्ट्यांची चाचणी

इथपर्यंत काही सापडलं नाही तर आता प्रश्न विचारायचा: चूक पिशीची की मशीनची? एकाच शीटमधून, शेजारीशेजारी, एकाच दिशेनं १०० मिमी रुंदीच्या पाच-सहा पट्ट्या कापून घ्या आणि जॉबच्या लांबीच्या दोन लांब पट्ट्या. लांब पट्ट्यांच्या एकाच बाजूच्या टोकाला मार्करनं फुली मारा.

पहिली लांब पट्टी फुली डावीकडे ठेवून बेंड करा. दुसरी फुली उजवीकडे ठेवून. दोन्हीवर उजवीकडेच अँगल उघडा आला तर चूक मशीनची किंवा टूलची. उघडा अँगल फुलीसोबत बाजू बदलत असेल तर चूक पत्र्याची, कारण शीट एका कडेला पातळ आहे. दोन स्ट्रोकमध्ये हा निकाल लागतो आणि तासाभराचा वाद मिटतो.

मग तीन छोट्या पट्ट्या डावीकडे, मधे आणि उजवीकडे ठेवून एकाच स्ट्रोकमध्ये बेंड करा. एकच पट्टी एका टोकाला ठेवून मारू नका, भार एका बाजूला गेला की रॅम तिरका होतो आणि चाचणी खोटी ठरते. तीन छोट्या पट्ट्यांना भार फार कमी लागतो, त्यामुळे मशीन जवळजवळ वाकत नाही. म्हणून या तिघींत फरक आला तर तो टूलची झीज किंवा रॅमचा तिरकेपणा. तिघी सारख्या आल्या पण लांब पट्टी मधे उघडी आली, तर ते भाराखालचं वाकणं, आणि उपाय क्राउनिंगमध्ये आहे. होडीसारख्या पिशीची दोन कारणं वर म्हटली होती, ती अशी वेगळी होतात.

व्ही बरोबर आहे का

साध्या पत्र्याला जाडीच्या आठपट व्ही. २ मिमीला १६, ३ मिमीला २४. पातळ पत्र्याला सहापटही चालते. हाताशी दुसरी डाय लावलेली आहे म्हणून तिच्यावरच काम ढकललं की दोन प्रकारे त्रास होतो.

व्ही लहान घेतली तर टनेज वाढतं. साध्या पत्र्याचा अंदाज असा: जाडीचा वर्ग गुणिले ६५, भागिले व्हीचं तोंड, म्हणजे मीटरला लागणारे टन. २ मिमी पत्रा १६ च्या व्हीवर मीटरला साधारण १६ टन घेतो, १२ च्या व्हीवर २२ टन. अडीच मीटरच्या पिशीला ४१ ऐवजी ५४ टन. जितका भार जास्त तितकं मशीन मधे जास्त वाकणार आणि होडी मोठी होणार. एसएसला याच्या दीडपट धरा.

व्ही मोठी घेतली तर आतला रेडियस वाढतो. एअर बेंडिंगमध्ये साध्या पत्र्याचा रेडियस पंचपेक्षा व्हीच्या तोंडावर ठरतो, तोंडाच्या साधारण सहावा भाग. रेडियस मोठा झाला की पत्रा जास्त माघारी उघडतो, आणि कॉइलमधला थोडासा फरकही अँगलमध्ये मोठा होऊन दिसतो. फ्लँज व्हीच्या तोंडाच्या ०.७ पटीपेक्षा लहान असेल तर कड डायच्या खांद्यावरून आत घसरते, मग अँगल आणि माप दोन्ही जातात. १६ च्या व्हीवर ११ मिमीपेक्षा कमी फ्लँज घेऊ नका. भोकंही तशीच: व्हीच्या तोंडाच्या आत आलेलं भोक लांबट होणार आणि तिथे अँगल हलणार. भोक लांब न्या किंवा बेंडनंतर मारा.

टूलची झीज

पाच वर्षं रोज छोटे जॉब मशीनच्या मधोमध मारले तर डायचे खांदे मधेच झिजतात. मग लांब पीस आला की मधे उघडा. सगळे म्हणतात क्राउनिंग बिघडलं, पण तीन पट्ट्यांच्या चाचणीतही मधली पट्टी उघडी आलेली असते. डाय काढून उजेडात धरा. खांद्याच्या गोलाईवर चमकदार पट्टा दिसतो, तो मधे रुंद आणि टोकांना अरुंद असतो. नखानं घासून बघा, पायरी लागते. रेडियस गेज असेल तर टोकाला आणि मधे लावून फरक बघा.

तात्पुरता उपाय म्हणजे चार तोंडांची डाय असेल तर दुसरं तोंड वापरणं. तुकड्यांची डाय असेल तर मधले तुकडे टोकांना आणि टोकांचे मधे लावा, झीज वाटली जाते. कायमचा उपाय टूल घासून घेणं किंवा बदलणं. घासायचं असेल तर सगळा सेट एकाच वेळी द्या, नाहीतर उंची वेगळी होते. पंचच्या टोकाला टवका गेला असेल किंवा टूलला केसाएवढी जरी भेग दिसली तरी ते टूल त्याच दिवशी बाजूला ठेवा. भाराखाली फुटलेल्या टूलचा तुकडा कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

रॅमचा तिरकेपणा आणि क्राउनिंग

तीन पट्ट्यांत डावी ९० आणि उजवी ९१ आली आणि टूल स्वच्छ, सारख्या उंचीचं आहे, तर रॅम तिरका उतरतोय. सीएनसी मशीनवर वाय-१ आणि वाय-२ दोन्ही बाजूंच्या खोलीचे वेगळे आकडे असतात. १६ च्या व्हीवर एक डिग्रीला ०.१४, म्हणून ज्या बाजूला उघडा आहे त्या बाजूला तेवढं वाढवा. एका वेळी ०.०५ च्या पुढे जाऊ नका, दर वेळी नवीन पट्टी. टॉर्शन बारच्या (रॅमच्या दोन्ही बाजू एका दांड्यानं जोडलेल्या) जुन्या मशीनवर दोन्ही बाजूंच्या स्टॉपरनं हेच होतं. अशा मशीनवर जॉब शक्यतो मधोमधच मारा, कारण भार कडेला गेला की बार पिळला जातो.

लांब पीस मधे उघडा आणि छोट्या पट्ट्या सारख्या, तेव्हाच क्राउनिंगला हात लावा. कंट्रोलरवरचं हायड्रॉलिक क्राउनिंग असो की हँडलनं फिरणारं वेजचं, थोडं थोडं वाढवत जा. मधला अँगल टोकांपेक्षा जास्त बंद झाला तर जास्त झालं, मागे या.

क्राउनिंग नसलेल्या मशीनवर डायखाली पॅकिंग द्यावं लागतं. आम्ही आधी कागदच लावायचो. चालतो, पण तेल लागलं की दबतो आणि दुपारपर्यंत अँगल सरकतो. ०.०५ आणि ०.१ ची स्टील शिम (पातळ पट्टी) आणून ठेवा. समजा अडीच मीटरचा पीस १६ च्या व्हीवर मधे दीड डिग्री उघडा आहे, म्हणजे मधे ०.२ उंची हवी. सगळ्यात खाली १८०० मिमी लांब पट्टी ०.०५ ची, तिच्यावर मधोमध १२०० ची ०.०५, तिच्यावर ६०० ची ०.१. मधे उंच आणि दोन्हीकडे उतार. एकच जाड शिम मधे टाकली तर तिच्या दोन्ही कडांना बेंडवर लाट दिसते. शिम सरकवताना पंप बंद, रॅमला आधार, फूट पेडल बाजूला. पेडलवर दुसऱ्याचा पाय पडून बोटं गेलेली माणसं मला माहीत आहेत.

इथे थांबा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा

पंप चालू असताना, पेडल न दाबता रॅम हळूहळू खाली सरकतोय: मशीन लगेच बंद. सील किंवा व्हॉल्व्हचं काम आहे, ते शेडमध्ये खोलायचं नाही. रॅमला आधार दिल्याशिवाय त्याच्याखाली हात घालायचा नाही.

पाइपातून बारीक तेल उडतंय: हात लावून गळती शोधू नका. या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, जखम छोटी दिसते पण ऑपरेशनपर्यंत जाते. कोणाला लागलंच तर दुखो न दुखो, लगेच हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना 'हायड्रॉलिक तेल आत गेलंय' हे शब्द स्पष्ट सांगा.

वाय-१ आणि वाय-२ चे आकडे पत्रा नसतानाही प्रत्येक स्ट्रोकला वेगळे थांबतायत, किंवा कंट्रोलर ९० ची खोली दाखवतो आणि डायल गेज वेगळं सांगतं: स्केल, एन्कोडर किंवा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह. पॅरामीटरमध्ये शिरून स्वतः कॅलिब्रेशन करू नका. एकदा मूळ आकडे गेले की सर्व्हिसवाल्यालाही शून्यापासून सुरुवात करावी लागते.

रॅम खाली येताना पुढेमागे हलतोय, गाइडजवळ घासल्याचा आवाज येतोय, फ्रेमच्या गळ्याजवळ रंगाला भेग गेलीय: मशीन बंद ठेवा. फ्रेमची भेग वेल्डिंगवाल्याकडून भरून घेण्याचा विचारही करू नका.

आणि अँगल येत नाही म्हणून दाबून मारण्याचा मोह. डायच्या तळापर्यंत नेऊन ठोकलं की अँगल बसेल असं वाटतं, पण त्याला एअर बेंडिंगच्या कित्येक पट भार लागतो. ४ मिमी पत्रा, ३ मीटर लांब, ३२ च्या व्हीवर साधा बेंड करतानाच ९७ टन लागतात. १०० टनाचं मशीन तिथेच संपलं. तोच जॉब २४ च्या व्हीवर १३० टन मागतो. मोठ्या मशीनवाल्याकडे जॉब पाठवा, बेंडिंगचे पैसे फ्रेमपेक्षा कितीतरी कमी आहेत. टूलवर मीटरला किती टन ते कोरलेलं असतं. गूझनेक (मानेसारख्या वाकड्या) पंचची मर्यादा सरळ पंचपेक्षा कमी असते, तीही वाचा.

लाइट कर्टन किंवा लेझर गार्ड (हात मधे आला की मशीन थांबवणारी सुरक्षा) अडवतोय म्हणून बायपास करून तपासणी करणं चालणार नाही. गार्ड चुकीच्या वेळी अडवत असेल तर तेही सर्व्हिसवाल्याचंच काम आहे.

त्याला फोन करताना 'अँगल हलतो' एवढंच सांगू नका. मशीन किती टनाचं, पत्रा कोणता, मायक्रोमीटरनं आलेली जाडी, व्ही किती, लांब पट्टीचे तीन आकडे, फुली फिरवल्यावरचे तीन आकडे, छोट्या पट्ट्यांचे तीन, तेल गार असताना आणि दोन तासांनंतर. त्या पट्ट्या टाकून देऊ नका, तारेनं बांधून मशीनशेजारी टांगून ठेवा. तो आल्यावर सगळ्यात आधी त्याच मागेल.